कुमुदकाकूंची दिंडीगल

कुमुदकाकू सिगार ओढतात, हे आधीच सांगून टाकते. मैत्रिणींना त्यांच्याबद्दल सांगताना मी पूर्वी हे मागे ठेवायचे. पण मग त्या "अय्या, खरंच?" म्हणून तिथेच अडकायच्या आणि पुढचं कुणी ऐकायचंच नाही. म्हणून आता हे पहिलं. नारायण पेठेत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, सुती साडी नेसणाऱ्या, मेतकूट आणि गोडा मसाला करण्यात आयुष्य घालवलेल्या कुमुद लेले दर शनिवारी संध्याकाळी एक सिगार ओढतात. एकच. आणि ती हवाना नसते. या सगळ्यात शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, हे कळायला मला बराच काळ लागला.

एखाद्या माणसाबद्दल कसं लिहितात, मला नीट ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील फरशी बसवायचं काम करतात. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून मी बीएस्सीसाठी पुण्याला आले तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी काकूंचं नाव सुचवलं. नव्याने बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता आणि त्यातली मागची खोली रिकामी होती. मी बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाव?"

"प्रतीक्षा."

"कसली?"

त्या हसल्या नाहीत. "ये आत," म्हणाल्या, "चप्पल तिथे काढ. मसाल्याच्या कपाटाला हात लावायचा नाही. बाकी घर तुझं."

पहिल्याच शनिवारी बाल्कनीतून धुराचा वास आला. काहीतरी पेटलंय असं वाटून मी धावत गेले. काकू वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवलेला आणि दोन बोटांत जाड, तपकिरी सिगार.

"काकू, काय करून राहिल्या तुम्ही?" माझ्या तोंडून आमच्याकडचं निघून गेलं.

"सिगार ओढून राहिले," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस, नाहीतर अभ्यासाला जा. दारात उभी राहू नकोस, वारा अडतो."

त्या माझी नक्कल करत नव्हत्या, एवढं मला कळलं. कॉलेजात दोन दिवसांतच मुलांनी माझं बोलणं ऐकून हसून घेतलं होतं, त्यामुळे नक्कल कशी असते ते मला ठाऊक झालं होतं. पण मी बसलेही नाही. आमच्याकडे तंबाखू म्हणजे सुपारी-चुन्यात घोटलेला खर्रा. त्यापायी माझ्या काकांचा जबडा अर्धा काढावा लागला होता. पुष्कळ दिवसांनी, धीर करून मी काकूंना ते सांगितलं. मला वाटलं, त्या चिडतील.

"वाईटच आहे," त्या म्हणाल्या. "हेही काही चांगलं नाही. मी कुणाला ओढ म्हणत नाही आणि तुला तर देणारच नाही. मी जे करते ते डोळे उघडे ठेवून करते, एवढंच."

त्यांच्या यजमानांना, श्रीधरकाकांना, मी फक्त फोटोत पाहिलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते आणि कामासाठी परदेशी जायचे. येताना क्युबाच्या, जगात सगळ्यात नावाजलेल्या हवाना सिगार आणायचे. त्यांचे तीन मित्र होते. अरविंदराव म्हणजे निवृत्त सर्जन, एक कर्नल आणि बँकेतून निवृत्त झालेले मुकुंदराव. हे चौघे दर शनिवारी एरंडवण्यात अरविंदरावांच्या बंगल्याच्या गच्चीवर बसायचे. गच्चीवर चार खुर्च्या, आणि नियम एकच, की तिथे हवानाशिवाय दुसरं काही ओढायचं नाही. बाकी जगात वळल्या जाणाऱ्या सगळ्या सिगारना अरविंदराव 'बिडी' म्हणायचे.

सिगारची पेटी मात्र काकूंच्या घरी असायची. हवा कोरडी झाली की पान तडकतं, ओल जास्त झाली की बुरशी धरते. उन्हाळ्यात वाटीत भिजवलेला स्पंज पेटीत ठेवायचा, पावसात काढायचा, अधूनमधून प्रत्येक सिगार हलक्या हाताने फिरवायची, पेटी मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवायची, हे सगळं काकू करायच्या. ओढणारे चौघे होते आणि सांभाळणारी एक. "बाळंतिणीसारखी काळजी घेतली मी त्या पेटीची," त्या म्हणायच्या. "बारशाला मात्र कधी बोलावणं नाही."

श्रीधरकाका गेल्यावर, तेरावा झाल्यानंतर, तिघे मित्र घरी आले. बोलता बोलता अरविंदराव म्हणाले, "वहिनी, हवाना उरल्या असतील. आम्ही घेऊन जातो. तुम्हाला काय उपयोग?"

काकूंनी पेटी आणून दिली. मग म्हणाल्या, "आणि गच्चीवरची त्याची खुर्ची?"

"राहील तशीच. आठवण म्हणून."

"मी बसते की तिच्यावर."

तिघेही हसले. अरविंदराव कौतुकाने म्हणाले, "वहिनी, एवढ्या दुःखातही तुमची थट्टा सुटली नाही हो."

"मी थट्टा केलीच नव्हती," हे सांगताना काकू मला म्हणाल्या. त्यांचा आवाज इतर वेळी असतो तसाच होता, पण त्यांनी हातातला वरवंटा जरा जोरात ठेवला.

त्यांची पहिली सिगार कशी झाली, ती गोष्ट मला सगळ्यात आवडते. वर्षश्राद्धाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी ताटात हवं. पेटी तर मित्रांनी नेली होती. काकूंचा भाचा कोइम्बतूरला नोकरीला आहे. तो येताना तिकडच्या दिंडीगलमध्ये हाताने वळलेल्या सिगार घेऊन आला. जाड, एका टोकाला बंद केलेल्या, दिसायला हवानाच्या चुलत बहिणीसारख्या. काकूंनी त्यातली एक फोटोसमोर ठेवली. मग त्यांना वाटलं, नुसती काय ठेवायची, पेटवून ठेवावी, उदबत्तीसारखी.

"पण सिगार उदबत्तीसारखी पेटत नाही गं," त्या म्हणाल्या. "काडी लावायची आणि ओढावी लागते, तरच धरते. आणि नुसती ठेवली की थोड्या वेळाने विझते. मग पुन्हा काडी, पुन्हा झुरका. त्याच्यासाठी म्हणून मी ती चार वेळा पेटवली. पहिल्यांदा मिऱ्याचा ठसका. दुसऱ्यांदाही तेच. मनात म्हटलं, अरविंदराव बरोबर बोलतात, बिडीच आहे ही. आणि मग अर्धी जळल्यावर वास बदलला."

इथे त्या नेहमी थांबायच्या.

"कढईत धणे भाजताना एक क्षण असतो. तोवर कच्चा, गवतासारखा वास येतो आणि एकदम तो वळतो. तसाच वळला. आधी भाजलेल्या शेंगांच्या टरफलांचा, मग काकवीचा, मग जायफळ. शेवटी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याची चव असते ना, तशी. मी फोटोसमोरून सिगार उचलली आणि बाल्कनीत जाऊन बसले. नैवेद्य दाखवून झाला की ताट आपणच जेवतो ना? तसं."

त्यानंतर दर शनिवार. भाच्याकडून दिंडीगल यायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा आयटीत आहे, तो बाहेरगावी गेला की काकूंसाठी आठवणीने तिथली एखादी आणायचा. निकाराग्वा, होंडुरास, सुमात्रा, फिलिपाइन्स ही नावं मी भूगोलात पाठ केली होती. ती नारायण पेठेत कागदात गुंडाळून यायची. काकू पहिलं काम करायच्या ते म्हणजे सिगारवरची रंगीत, सोनेरी कागदाची पट्टी सोडवून कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. "जिभेला गाव माहीत नसतं," त्या म्हणायच्या. "डोळ्यांना माहीत असतं आणि ते जिभेला शिकवायला जातात."

त्यांचं चव सांगणं स्वयंपाकघरातून यायचं. निकाराग्वाची म्हणजे करडई भाजल्याचा वास आणि मागे धणे. सुमात्राची म्हणजे ओल्या लाकडावर दालचिनी घासावी तशी. फिलिपाइन्सची "गरीब स्वभावाची, पण जाता जाता गोड बोलणारी". होंडुरासच्या एका सिगारला त्यांनी तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आवडली नाही. पुढच्या शनिवारी तसलीच पुन्हा पेटवली. "मागच्या वेळी मी दुपारी लसणाची चटणी खाल्ली होती," म्हणाल्या. "तिचा काय दोष?"

मला त्यांनी कधी ओढू दिली नाही. एकदा मात्र न पेटवलेली सिगार टोक कापून हातात दिली. "पेटवायची नाही. नुसती ओठांत धर आणि हवा ओढ. काय लागतं सांग."

मी हवा ओढली. काय लागलं ते मला लगेच कळलं, पण सांगायची लाज वाटली. त्या बघत राहिल्या.

"कडबा," मी शेवटी म्हणाले. "गोठ्यातला. सकाळी पेंडी सोडल्यावर येतो तसा."

काकूंनी टाळी वाजवली. "कडबा! अगं, मला इतके दिवस शब्द सापडत नव्हता. गवत म्हणावं तर गवत नाही, पेंढा म्हणावं तर पेंढा नाही. कडबा!" पुढे आठवडाभर मसाला न्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या ते सांगत होत्या आणि मी खोलीचं दार लावून आत बसून राहत होते.

सोसायटीत त्यांच्याबद्दल बोललं जायचंच. एकदा सेक्रेटरी वर आले. "लेलेबाई, तुमच्या बाल्कनीतून धूर येतो."

"तुमच्या बाल्कनीतून सल्ले येतात," काकू म्हणाल्या. "मी कधी तक्रार केली?"

सेक्रेटरी गेले. सिगार चालूच राहिली. पण पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाला दम्यासारखं होऊ लागलं, तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत काकू इमारतीच्या गच्चीवर जाऊन ओढायला लागल्या, तेही वाऱ्याची दिशा बघून. दुखरे गुडघे घेऊन जिना चढायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "सेक्रेटरींना सांगू नकोस. त्यांना वाटेल मी त्यांचं ऐकलं."

माझे वडील एकदा मला भेटायला आले, तो नेमका शनिवार होता. मी सकाळपासून देवाला विनवत होते की आज काकूंनी ओढू नये. चहा झाला, आणि काकूंनी सिगार काढली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. मग त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"काढा की," काकू म्हणाल्या. "खर्रा ना? बघू."

वडिलांनी संकोचत पुडी पुढे केली. काकूंनी नाकाजवळ नेली. "चुना फार घातलाय हो, दादा. आणि सुपारी कच्ची. जिभेला काय उरत असेल यातून? नुसतं भाजून निघत असेल." पुडी परत दिली. "दोघंही मरणारच आहोत आपण, पण मी आठवड्यातून एकदा, चव घेत. तुम्ही दिवसभर, न कळता. तुमच्या भावाचं मला हिने सांगितलंय."

वडिलांनी पुडी खिशात ठेवली. जाताना मला खाली रिक्षापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "बाई मोठी वस्ताद हाये. इथंच राह्य." खर्रा त्यांनी सोडला नाही. पण आता मी घरी असते तेव्हा पुडी काढून थोडा वेळ तिच्याकडे बघतात.

दिवाळीला अरविंदराव, कर्नल आणि मुकुंदराव काकूंकडे फराळाला यायचे, ही जुनी रीत. माझ्या शेवटच्या वर्षीच्या दिवाळीत अरविंदरावांना गच्चीवरून आणून टीपॉयवर ठेवलेली राखदाणी दिसली.

"वहिनी? हे कुणाचं?"

"माझं."

कर्नल चकली खाता खाता थांबले. अरविंदरावांनी थोटूक उचलून वास घेतला. "हवाना नाही ही."

"दिंडीगल."

"श्रीधरच्या घरात?" ते खरोखर दुखावले होते. मला त्या वेळी त्यांचा राग आला. पण आता वाटतं, मित्राच्या आठवणीला कुणी धक्का लावतंय असंच त्यांना वाटलं असणार. "वहिनी, ओढायचीच तर मला सांगायचं. मी हवाना पाठवली असती."

"मला पाठवायला नकोय. मला शनिवारी यायचंय," काकू म्हणाल्या. "माझी सिगार घेऊन."

"तो नियम चौघांनी मिळून केलाय. श्रीधरनेसुद्धा."

"मग पट्ट्या काढून ओढू. एक तुमची, एक माझी, कुठली कुठली ते न कळता. चौघांत एकाला जरी माझी जास्त आवडली, तरी मी येणार. माझ्या सिगारसकट."

"तुम्हाला तर तुमचीच आवडणार."

"मलाही कळणार नाहीये ना."

अरविंदरावांनी मान्य केलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी गंमत होती, पण काकूंच्या नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी मसाल्याला हात लावला नाही, लसूण वर्ज्य केला, चहासुद्धा फिका घेतला.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले, कारण पट्ट्या काढायला न ओढणारं माणूस हवं होतं. खालच्या खोलीत बसून मी पट्ट्या सोडवल्या आणि हवानांना लाल दोरा बांधला, दिंडीगलना काळा. अरविंदरावांनी मला विचारलं होतं, "कुठली तू?" मी गावाचं नाव सांगितलं. "म्हणजे कुठे?" मी जिल्हा सांगितला. "अच्छा, तिकडची," म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं. पण दोरे बांधताना मी प्रत्येक गाठ दोनदा मारली.

चौघे बसले, काकू श्रीधरकाकांच्या खुर्चीत. ठरलं असं की दोन्ही सिगार पेटवायच्या, आलटून पालटून थोडे झुरके घ्यायचे आणि अरविंदरावांनी खूण केली की लगेच मत द्यायचं. ऊन उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने अरविंदरावांनी हात वर केला.

"लाल," ते म्हणाले.

"लाल," कर्नल म्हणाले.

मुकुंदराव कमी बोलतात. त्यांनी लाल दोऱ्याकडे बोट केलं.

काकूंनी दोन्ही सिगारकडे पाहिलं. एकेक झुरका पुन्हा घेतला. "लाल," त्या म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले.

"सांग गं," काकू म्हणाल्या. "तोंड काय पाडतेस? कुणी मेलं नाहीये."

"लाल म्हणजे हवाना," मी म्हणाले.

कर्नल हसायला लागले आणि मग घाईघाईने थांबले. अरविंदराव मात्र हसले नाहीत. ते सभ्य माणूस आहेत. उठून काकूंजवळ आले. "वहिनी, तुमची जीभ उत्तम आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता दर शनिवारी या. खुर्ची तुमची. फक्त हवाना ओढा, जशी आज आवडली तशी."

मला वाटलं, झालं. जे हवं होतं ते मिळालं. माझ्या डोळ्यांत पाणी येणार होतं. तिघांनी काळ्या दोऱ्याच्या सिगार राखदाणीत ठेवून दिल्या आणि लाल पुढे चालू ठेवल्या. काकूंनी लाल ठेवली आणि काळी उचलली. चहा आला, क्रिकेटच्या गप्पा निघाल्या. काकू ओढत राहिल्या. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की वास वळलाय.

"अरविंदराव," त्या म्हणाल्या, "आता बघा."

"वेळ संपली, वहिनी."

"तुमची संपली. सिगारची कुठे संपलीये?"

मुकुंदरावांनी राखदाणीतली आपली काळी सिगार उचलून पाहिली. ती विझून गार झाली होती. त्यांनी ती तशीच हातात धरून ठेवली.

काकू उठल्या. "हरले ते कबूल," म्हणाल्या. "पण अट मला मान्य नाही."

परतताना रिक्षा लकडी पुलावर आली तेव्हा काकू बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हवाना चांगलीच आहे गं. वाईट कोण म्हणतंय? दारातच मिठी मारते. पण ही माझी आधी खाष्टपणा करते, मग घरात घेते. आणि मी काय केलं? जन्मभर मसाले भाजले आणि आज धणे तडतडायच्या आधी कढई उतरवली. त्यांनी घाई केली ती समजू शकते. मी का केली?"

"घाबरलात म्हणून," मी म्हणाले. तसं बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

"हो," त्या म्हणाल्या. "घाबरले."

पुढच्या शनिवारी त्यांनी साडी बदलली, पर्समध्ये दिंडीगल ठेवली आणि मला म्हणाल्या, "चल, जिना चढताना हात दे." मी विचारायचंही टाळलं. आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा तिघे बसले होते. अरविंदराव खूश झाले. हवानाची पेटी पुढे करत म्हणाले, "या वहिनी, बसा."

"बसायला हवाना ओढावी लागते," काकू म्हणाल्या. "उभं राहायला काही नियम आहे का?"

आणि त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पर्समधून सिगार काढली, पेटवली, रस्त्याकडे तोंड करून ओढू लागल्या.

त्या माणसांना रांगेत उभं राहता येतं, भांडता येतं, जाहीरपणे चूक दाखवता येते. पण घरी आलेली वहिनी उभी आणि आपण बसलेलो, हे त्यांना जमत नाही. पहिले कर्नल उठले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "अरविंद, सॉरी," ते म्हणाले, "मी असा बसू शकत नाही." मग मुकुंदराव उठले. अरविंदराव बसून राहिले. "मी माझ्या घरात बसणार," ते म्हणाले. आपल्याच गच्चीवर, तीन रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये एकटे.

पुढच्या शनिवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. सिगार संपायला चांगला तासभर लागतो. रविवारी सकाळी काकू गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून बसायच्या आणि कुणी विचारलं तर "थंडी," म्हणायच्या. तिकडे कर्नलही रविवारी हेच करतात, असं मुकुंदरावांनी फोनवर सांगितलं. ते ऐकून काकूंना जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

मला सहन होईना. एकदा मी म्हणाले, "काकू, तिथे एक तास हवाना ओढली तर काय बिघडेल? घरी तुमची आहेच की."

"तू इथे आलीस, तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर मुद्दाम 'करून राहिले' सोडून 'करते आहे, जाते आहे' बोलायला लागलीस. कॉलेजात बरं वाटायचं?"

"नाही."

"मग?" त्या म्हणाल्या आणि मेतकूट चाळायला लागल्या.

परीक्षा झाली. मला एमएस्सीला अमरावतीला प्रवेश मिळाला. निघायचा दिवस शनिवारच होता आणि गाडी संध्याकाळची. काकू म्हणाल्या, "किल्ली गच्चीवरच आणून दे. मी तुझ्यासाठी शनिवार चुकवणार नाही." म्हणून मी बॅग घेऊन थेट एरंडवण्यात गेले.

गच्चीवर ऊन तिरपं झालं होतं. काकू, कर्नल आणि मुकुंदराव कठड्याशी ओळीने उभे होते. मुकुंदरावांच्या हातातल्या सिगारचा वास मी ओळखला; ती हवाना नव्हती. कर्नल एका पायावर भार देऊन उभे होते. अरविंदराव खुर्चीत बसलेले. मला पाहून त्यांनी मान हलवली. "जातेस का? वाशीमला?"

"आधी घरी. मग अमरावतीला."

"छान," ते म्हणाले. मग कर्नलनी पाय बदलला आणि त्यांच्या तोंडून हलकासा "आई गं" निघाला. अरविंदराव उठले. त्यांनी श्रीधरकाकांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, ओढली नाही, उचलली, आणि कठड्यापाशी काकूंच्या मागे नेऊन ठेवली.

"बसा, वहिनी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "काय ओढायचं ते ओढा. पण बसा आता सगळे."

कर्नल आणि मुकुंदराव काकूंकडे बघू लागले. त्यांची सुटका काकूंच्या हातात होती.

"थांबा हो," काकू म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आत्ता कुठे ती वळायला लागलीये. बसताना धक्का लागेल."

आणि चौघेही उभे राहिले. अरविंदरावसुद्धा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. त्यांचं नाक काकूंच्या दिशेला होतं.

मी काकूंच्या पर्समध्ये किल्ली ठेवली. वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "नीट जा. पोचलीस की फोन कर. आणि तिकडे कुणी हसलं तर हसू दे." गाडीची वेळ झाली होती.

खाली फाटकाशी येऊन मी वर पाहिलं. चार डोकी कठड्यावरून दिसत होती, त्यातलं एक काकूंचं. मी हात हलवला. बाकी तिघांनी हात हलवले. काकूंनी हलवला नाही. सिगारची राख झटकायची नसते, आपण होऊन पडेपर्यंत राहू द्यायची असते, म्हणजे आग सावकाश जळते आणि चव टिकते. त्यांच्या सिगारवर बोटाच्या पेराएवढी राख जमली होती, करडी, सरळ. हात हलवला असता तर पडली असती. त्यांनी तो हात तसाच, न हलवता, थोडा उंच धरला, मला दिसेल असा, आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो तसाच होता.